सुनीताबाईंचे डोळे

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा शेतातून थेट स्टॉपवर आले होते. वांग्यांची कॅरेटं टेम्पोत चढवून, हात न धुताच. उंद्रीच्या स्टॉपवर एसटी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात मायला मला डबा द्यायचा होता, रडायचं होतं, आणि कंडक्टरला सांगायचं होतं की पोरगी पहिल्यांदाच एकटी चाललीय, शेगावला स्टेशनाजवळ उतरवा. त्यातलं रडायचं तेवढं राहून गेलं. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं कोनी इचारलं का तुले काय येते, तं लाजू नको. येते ते सांग."

मला काय येत होतं? मला मेलेल्या माणसांचे फोटो बनवता येत होते.

बस खामगावच्या रस्त्याला लागली आणि थोड्या वेळानं एका फाट्यावर थांबली. फाट्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथं दोन खांबांना बांधलेला एक फ्लेक्स होता. 'प्रथम पुण्यस्मरण', त्याखाली 'कै. सौ. सुनीताबाई', आणि एका बाईचा चेहरा. उन्हानं अक्षरं विटली होती, साडीचा रंग उडाला होता, पण डोळे काळेभोर राहिले होते. वाऱ्यानं कापड हललं की ते मिटल्यासारखे व्हायचे आणि पुन्हा उघडायचे. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं फ्लेक्सकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा फ्लेक्सकडं.

"तुह्या नात्यातली व्हय का व?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. बस सुटली. मी मागं वळून पाहिलं नाही, तरी बराच वेळ मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटत राहिलं. ते डोळे माझेच होते.

हे मी आज पंधरा वर्षांनी लिहितेय. उंद्रीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठीही. तुम्ही सगळे विचारता, तू पुण्यात नेमकं करतेस तरी काय? त्याचं उत्तर या एका चेहऱ्यापासून सुरू होतं.

बारावीनंतर मी चिखलीला सलीमचाचांच्या दुकानात कामाला लागले. चाचा मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंती असं सगळं हातानं रंगवलेलं. फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा त्यांनी ब्रश एका डब्यात उभे करून ठेवले आणि कॉम्प्युटर घेतला, पण माउस काही त्यांच्या हातात बसेना. मग मला ठेवलं. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, कोचिंग क्लासच्या जाहिराती, सगळं मी करायची. चाचा मागं उभे राहून सांगायचे, "ये अक्षर को जरा सांस लेने दे बेटा. चिपकलं हाय." अक्षरांमधल्या मोकळ्या जागेला इंग्रजीत एक नाव आहे, त्यावर वेगळा अभ्यास असतो, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. चाचांना नाव माहीत नव्हतं, जागा माहीत होती.

श्रद्धांजलीचे फोटो हळूहळू माझ्याकडेच यायला लागले. लोक लग्नाच्या घोळक्यातला एखादा फोटो आणायचे. त्यातून माणूस कापून काढायचा, टोपी सरळ करायची, मागं निळं आभाळ लावायचं. मिटलेले डोळे उघडायचे. या शेवटच्या कामात माझा हात चांगला होता.

रामदासभाऊ आले ते दुपारचे. कडेवर तीन वर्षांची मुलगी. बायको तापानं गेली होती, तेरवी दोन दिवसांवर. घरात फोटो नाही. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्लेला. होतं ते फक्त मतदान कार्ड, तेही खिशात भिजून पुसट झालेलं. कपाळ दिसत होतं, केसांचा भांग, एक कान. बाकी सगळा करडा डाग.

"बनवून द्या," ते म्हणाले. "पोरीले काही तरी पाह्यजे."

मी विचारत गेले, ते सांगत गेले. नाक तिच्या बहिणीसारखं. बहीण देऊळघाटची, तिचा एक फोटो ते मागून घेऊन आले होते. हनुवटी मुलीसारखी. डोळे? इथं ते थांबले.

"डोये... मोठे होते. म्हंजे, पाहे तं पाहतच राहे."

दुकानात तयार चेहऱ्यांचं एक फोल्डर होतं. त्यातले सगळे डोळे लावून पाहिले. प्रत्येक वेळी ती बाई कुठल्या तरी जाहिरातीतली वाटायची. चाचा म्हणाले, "नाक चुकलं तं चालते. डोये चुकले तं मानूस येतच नाही." कॉम्प्युटरमध्ये माझा एक पासपोर्ट फोटो होता, कसल्याशा फॉर्मसाठी काढलेला. मी त्यातले डोळे कापले आणि लावले. थोडी सावली दिली. माझी डावी पापणी किंचित उतरलेली आहे, ती तशीच ठेवली, कारण ती सरळ केली की चेहरा पुन्हा मरून जायचा.

आणि ती आली. खरंच आली. करड्या डागातून एक बाई वर आली आणि माझ्याकडं बघायला लागली.

रामदासभाऊंनी स्क्रीन पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. मुलीला म्हणाले, "हे पाय, माय." मुलीनं काचेवर बोट ठेवलं. मग ती वळली आणि तेच बोट तिनं माझ्या गालावर टेकवलं.

ते दोघं गेल्यावर चाचांनी उठून स्क्रीन बंद केला. त्यांना कळलं होतं. चेहरे रंगवण्यात आयुष्य गेलेल्या माणसापासून हे लपत नाही. जाताना एवढंच म्हणाले, "बेटा, आपली नजर अशी दुसऱ्याच्या घरात ठिवून येऊ नये." मी हसून सोडून दिलं. वर्षभरानं त्यांनीच मला पुण्याच्या डिझाईनच्या कोर्सचा कागद आणून दिला. पहिल्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स मात्र मी निघायच्या आधीच छापून गेला होता. तो मला फाट्यावर भेटणार हे डोक्यातच आलं नव्हतं.

पुण्यात पहिल्याच दिवशी मी वर्गात म्हणाले, "मले हे जमते." मागून कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं हसणं, पण त्यानंतर माझं 'मले' आत गेलं आणि 'मला' बाहेर राहायला लागलं. मायशी फोनवर बोलताना जुनं परत यायचं. आता तेही कधीकधी अडकतं. माय म्हणते, "तू कोनासंग बोलून राह्यली व? मीच हाव इकडं."

कोर्सला कळलं की आपण ज्याला डिझाईन म्हणायचो त्याच्यात किती गल्ल्या आहेत. माझ्याबरोबरची एक मुलगी लोगोच करते, एका चिन्हावर तीन-तीन महिने. एक जण फक्त अक्षरं बनवतो. देवनागरीच्या एका जोडाक्षरासाठी त्याला आठवडा लागतो आणि तो खूश असतो. कुणी पुस्तकांची पानं मांडतं. कुणी चित्रं हलवतं. मी आधी पॅकेजिंगमध्ये गेले आणि मसाल्यांच्या पुड्या केल्या. मायनं त्यातली एक रिकामी पुडी धुऊन देवघराशेजारी ठेवलीय. मग ॲपचे स्क्रीन केले. माणसाचा अंगठा कुठपर्यंत पोचतो हे मोजत चार वर्षं गेली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बटनं बनवतं का तू? शर्टाची?"

शेवटी मी जिथं थांबले ती गल्ली म्हणजे जुने फोटो दुरुस्त करणं. फाटलेले, बुरशी लागलेले, पाण्यात गेलेले. लोकांना वाटतं यात हात चालावा लागतो. खरं तर हात आवरावा लागतो. या कामाचा पहिला नियम असा की फोटोत नाही ते घालायचं नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी तो पहिल्याच दिवशी सांगते. सांगताना माझी नजर स्क्रीनवर असते, त्यांच्यावर नसते.

गेल्या वर्षी मला एक मेसेज आला. "ताई, मी प्रतीक्षा. सलीमचाचांनी नंबर दिला. तुम्ही माझ्या मायचा फोटो बनवला होता." कडेवरची ती मुलगी आता बारावी झाली होती. तिला ग्राफिक डिझाईन शिकायचं होतं. पॅकेजिंग बरं की ॲनिमेशन, नोकरी कशात मिळते, चित्रकला यायलाच लागते का, असे पुष्कळ प्रश्न. मी दुपारभर बसून उत्तरं लिहिली. छान वाटत होतं. मग तिनं लिहिलं, "मी पण एक काम केलं आहे, पाहता का?" आणि एक व्हिडिओ पाठवला.

फोनवरच्या कुठल्याशा ॲपनं तिनं मायचा फोटो हलवला होता. फोटो आता सगळ्यांनाच हलवता येतात, त्यात नवल नाही. सुनीताबाईंनी मान किंचित वळवली. ओठ हलले. आणि त्यांनी पापण्या मिटल्या. उजवी आधी, डावी जराशी मागून.

ऑफिसातली सहकारी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अगं, आई का तुझी? काय तुझ्यासारखीच पापणी लवते."

मी फोन पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला. प्रतीक्षानं लिहिलं होतं, "माय सपनात येते तेव्हा अशीच पाहते. बोलत नाही कधी. फक्त पाहते." आणि त्याखाली, "ताई, तुम्हाला येत असेल तर मायला आताचं करून द्या ना. आज असती तर कशी दिसली असती."

मला येत होतं. नियम माझाच होता, तरी नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो जुना फोटो उघडला आणि वय वाढवायला लागले. डोळ्यांखाली सावली, कानाजवळ दोन पांढरे केस, पापणी अजून थोडी खाली. तासाभरानं मान वर केली तेव्हा समोरच्या काचेच्या दारात माझं प्रतिबिंब होतं. स्क्रीनवर आणि काचेत एकच बाई बसली होती. काचेतल्या बाईनं तोंडावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी तो ठेवलाय.

ती फाइल मी पुसून टाकली.

आता खरा चेहरा हवा होता. सुनीताबाईंची देऊळघाटची बहीण चाचांनीच शोधून दिली. फोनवर ती पटकन म्हणाली, "फोटो हाय की. बचत गटाचा. तेव्हा सापडला नाही, मंग पेटीच्या कागदाखाली निघाला. पन मधात पानी गेलं." त्या घरात भिंतीवर फोटो होताच, पोरगी त्यालाच माय म्हणायची, म्हणून तिनं पुढं कधी विषय काढला नव्हता. तिनं तो पाठवला. बारा बाया ओळीत उभ्या, आणि डावीकडून तिसरीच्या चेहऱ्यावर बुरशीचा नकाशा. मी दोन आठवडे बसले. एक ठिपकासुद्धा माझ्याकडचा घातला नाही. बुरशी जशी मागं सरत गेली तशी एक अनोळखी बाई दिसायला लागली. बारीक, जवळजवळ असलेले डोळे, हसताना आणखी मिटलेले. पुढच्या दातावर चढलेला एक दात. पाहतच राहणारी नाहीच. ही तर नजर चुकवून हसणारी बाई होती.

मी तिची प्रिंट घेऊन उंद्रीला गेले. मायला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"जित्या मानसाच्या डोयाले हार?" ती म्हणाली. "पंधरा वर्सं?"

तिनं मला तिथंच बसवलं, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, काळ्या झाल्या. आम्ही दोघी वाट पाहत राहिलो, पण ठसका लागला नाही. मायनं उठून दार सताड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामदासभाऊंच्या घरी गेले. दार प्रतीक्षानं उघडलं. मी येणार हे तिला माहीत होतं, तरी ती उंबऱ्यात थिजली. तिचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. मला नमस्कार करायचा म्हणून नव्हे. भिंतीसमोर रोज जसे जुळत असतील तसे. मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं हात मागं घेतले.

समोरच्या भिंतीवर मी होते. ताजा झेंडूचा हार, कपाळावर कुंकू. खाली उदबत्ती लावून लावून भिंत तपकिरी झाली होती.

रामदासभाऊ बाजेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. मतदान कार्ड, फोल्डर, माझा पासपोर्ट फोटो, सगळं. मग प्रिंट त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली.

"ही कोन?"

"सुनीताबाई," मी म्हणाले. "खऱ्या."

"नाही, नाही." ते शांतपणे म्हणाले, जशी माझीच काही गफलत झाली असावी. "तिचे डोये मोठे होते."

प्रतीक्षा त्यांच्या खांद्यामागून वाकली. "मायची मैतरीन असंन, बाबा."

ते प्रिंट परत देणार होते. हात पुढं आलाही. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाताकडं गेलं. हात तिथंच राहिला. मग त्यांनी त्या दातावर बोट ठेवलं.

"दात," ते म्हणाले. "हा दात... लपवाले हसताना तोंडावर पदर धरे ते. मी इसरलो. कसा इसरलो मी?" त्यांनी भिंतीकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. "पंधरा वर्सं मी हिच्यासंग बोललो. पेरनी सांगतली, पोरीचे मार्क सांगतले. मंग मी कोनाले सांगत होतो?"

मी मान खाली घातली.

"तुमी काऊन आनला हा?" आता त्यांचा आवाज चढला. "एक गेली होती, ते मी सोसलं होतं. आता घरात दोघी झाल्या. यातली कोनती गेली म्हनू?"

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. ते मी त्या माणसाच्या मांडीवर ठेवलं होतं.

प्रतीक्षा त्यांच्या मागून पुढं आली. तिनं मला विचारलं, अगदी हळू, "ताई, मंग सपनात येते ते कोन?"

मी पुण्यात काम करत असायचे, मसाल्याची पुडी असो की ॲपचं बटन, आणि तेव्हाच कुठं तरी एक मुलगी झोपेत मला पाहत असायची. मी तिथं नसतानाच तिला वाढताना पाहिलं होतं म्हणायचं का? मला त्यातलं काहीच आठवत नाही.

ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा तिनं माझा हात धरला, गालाकडं नेता नेता थांबली आणि सोडून दिला. "मी शिकनार हाव," एवढंच म्हणाली. "तुमचंच काम शिकनार. दुरुस्तीचं."

मायला मी घरी येऊन सांगितलं की त्यांनी मला हाकललं नाही. माय म्हणाली, "त्यानं हाकलावं कसं? तू तं त्याच्या भिंतीवर हायस."

महिन्याभरानं प्रतीक्षाचा फोन आला. बाबांनी पहिले आठ दिवस खरा फोटो कपाटात उलटा ठेवला होता. मग एका सकाळी शेतात जाताना तो पिशवीत घालून घेऊन गेले. रोज न्यायला लागले. काय बोलतात माहीत नाही, पण एकदा ती डबा घेऊन गेली तेव्हा ते बांधावर बसून हसत होते. मग तो फोटो घरात आला, चौकटीत बसला, त्याला हार चढला. जुना काढायचा की नाही यावर दोघांचं बरंच झालं. शेवटी प्रतीक्षानंच ठरवलं. त्याचा हार काढला, कुंकू पुसलं, खालची नावाची पट्टी काढली. फोटो तिथंच ठेवला.

"जित्या मानसाचा फोटो हाय," ती म्हणाली. "राहू द्या म्हनते बाबा."

"आणि सपन?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'स्वप्न' आलं नाही.

"येते. पन आता पाठमोरी असते. मी हाक मारतो, ते वळत नाही." मग म्हणाली, "वळंन कधी तरी. तिचा चेहरा तिले सापडला की वळंन. घाई नाही."

जूनपासून प्रतीक्षा पुण्यात आहे, वसतिगृहात. रविवारी माझ्याकडं जेवायला येते. वर्गात तीही 'मले' म्हणाली आणि कुणीतरी हसलं, तर तिनं मागं वळून पुन्हा एकदा, सावकाश, 'मले' म्हटलं. मी तिला जुने फोटो उघडून दाखवते, बुरशी कशी काढायची, कुठं थांबायचं ते. ती स्क्रीनकडं पाहते. मध्येच कधी माझ्याकडं पाहते, तेही मी तिच्या ओळखीची नसल्यासारखं. ते मला बरं वाटतं.

इथं लोक विचारतात, गावाकडं घरी कोण कोण असतं? मी सांगते, माय, बाबा, भाऊ, वहिनी. मग क्षणभर थांबते. उंद्रीचं घर माझं आहेच, तिथं माझा डबा आहे, माझी गोधडी आहे. पण जिल्ह्यात आणखी एक घर आहे, जिथं मी एक दिवसही राहिलेले नाही. तिथं आता दुपार असेल. रामदासभाऊ शेतात असतील, दाराला कडी असेल. आतल्या अंधाऱ्या खोलीत एक बाई दात दाखवून हसत असेल, आणि तिच्या शेजारी मी, डावी पापणी जराशी उतरलेली, घर राखत असेन.